सीमध्ये ओळीचे तुकडे करताना आधी कोरा रकाना बघा

ही ओळ बघा:

```
लौंग सेव,५००,,१२
```

इंदुरातल्या एका नमकीनवाल्याच्या ठोक ऑर्डरींच्या फाइलीत अशा ओळी असतात. रकाने चार: माल, पुडा किती ग्रॅमचा, सवलत किती टक्के, नग किती. तिसरा रकाना कोरा, कारण या गिऱ्हाइकाला सवलत नाही. दोन स्वल्पविराम लागोपाठ आलेत ते मुद्दाम आलेत.

हीच ओळ सीमधल्या स्ट्रटॉक या तुकडे करणाऱ्या फंक्शनला दिली की तीनच तुकडे मिळतात: लौंग सेव, ५००, १२. तिसरा तुकडा सवलतीच्या रकान्यात जाऊन बसतो. म्हणजे गिऱ्हाइकाला बारा टक्के सवलत आणि माल काहीच नाही. कंपाइलर गप्प, प्रोग्रॅमही गप्प. बोंब मारतो तो गोदामवाला, तीही टेम्पो निघून गेल्यावर.

दिवसा मी अशाच दुकानांच्या फाइली निस्तरते, आणि संध्याकाळी रामबागेत माझ्याकडे इंजिनिअरिंगची पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं सी शिकायला येतात. स्ट्रटॉक त्या सगळ्यांना पाठ असतं, कारण वायवात ते हमखास विचारतात. पण ते मेमरीत नेमकं काय करतं ते विचारलं की निम्मी मुलं पंख्याकडे बघतात. म्हणून सुरुवात तिथूनच.

कोड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय. टाइप करताना व्हाइल, इफ, कॅर आणि लायब्ररीतल्या फंक्शनांची नावं रोमन लिपीतच हवीत. तुमच्या स्वतःच्या व्हेरिएबलांची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी चालतात. क्लँग आणि जीसीसी १० पासून पुढचे कंपाइलर ती सरळ घेतात. इथले आकडे देवनागरीत छापलेत, पण फाइलीत ते साधे आस्की अंक आहेत असं धरा. देवनागरी अंकांचं दुखणं वेगळं आहे, ते पुढे येईल.

स्ट्रटॉक मेमरीत काय करतं

नाव एस-टी-आर-टी-ओ-के, हेडर स्ट्रिंग डॉट एच.

```
कॅर ओळ[] = "५००,,१२";
कॅर *तुकडा = स्ट्रटॉक(ओळ, ",");
व्हाइल (तुकडा != नल) {
    पुट्स(तुकडा);
    तुकडा = स्ट्रटॉक(नल, ",");
}
```

पहिल्या वेळी ओळ द्यायची, पुढे दर वेळी नल. नल म्हणजे मागच्या खेपेला जिथे थांबला होतास तिथून पुढे चल.

आता कागदावर आठ घरं काढा, ० ते ७. त्यांत ५, ०, ०, स्वल्पविराम, स्वल्पविराम, १, २ आणि शेवटी शून्य बाइट, म्हणजे स्ट्रिंग संपल्याची खूण. वहीत हे एकदा काढलं की पुढचं पाठ करावं लागत नाही.

पहिल्या हाकेला स्ट्रटॉक घर ० पासून चालत जातं आणि घर ३ वर स्वल्पविरामापाशी थांबतं. तो स्वल्पविराम पुसून तिथे शून्य बाइट लिहितं, घर ० चा पत्ता तुम्हाला देतं आणि घर ४ चा पत्ता स्वतःजवळ ठेवतं. दुसऱ्या हाकेला घर ४ वर पुन्हा स्वल्पविरामच दिसतो. तुकड्याच्या आधी जितके विभाजक असतील तितके ओलांडायचे हा स्ट्रटॉकचा नियम, म्हणून ते घर ५ वर जातं, घर ७ वरच्या शून्यापर्यंत पोचतं आणि घर ५ चा पत्ता परत करतं. तिसऱ्या हाकेला नल परत येतं, म्हणजे तुकडे संपले.

सगळं झाल्यावर घर ४ उघडून बघा. तिथला स्वल्पविराम जसाच्या तसा आहे. कोरा रकाना फाइलीत होता, मेमरीतही आहे, स्ट्रटॉक फक्त त्याच्यावरून उडी मारून गेलं.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, तुमची मूळ ओळ आता मूळ राहिली नाही, तिच्यात शून्यं पेरली गेली. दोन, तुकडा म्हणून जे मिळालं ती वेगळी प्रत नाही, त्याच ओळीच्या पोटातला पत्ता आहे. स्ट्रटॉकची जवळजवळ सगळी रडगाणी या दोन वाक्यांत बसतात.

पहिलं रडगाणं: कॅर ओळ[] च्या जागी कॅर *ओळ लिहिलं. चौकटी कंसांची ॲरे असेल तर अक्षरं तुमच्या स्वतःच्या जागेत उतरतात. पॉइंटर असेल तर तो थेट प्रोग्रॅममधल्या अवतरणातल्या मजकुराकडे बघतो, आणि त्या मजकुरात लिहिलंत तर पुढे काय होईल याची सी कसलीच हमी देत नाही. लिनक्सवर तो मजकूर बहुतेक वेळा फक्त वाचायच्या मेमरीत असतो, म्हणून सेगमेंटेशन फॉल्ट. ‘मॅडम, लॅबमध्ये चालला होता’ हे ऐकलं की मी ओळखते, लॅबमध्ये टर्बो सी आहे. डॉसच्या जमान्यातल्या त्या कंपाइलरच्या प्रोग्रॅमला मेमरीचं राखण नसतं, तिथे कुठेही लिहा, कोणी अडवत नाही. चाललं म्हणजे बरोबर होतं असं मात्र नाही.

दुसरं जास्त छळतं. फाइल एफगेट्सने ओळीओळीने वाचायची, स्ट्रटॉकने मालाचं नाव काढायचं आणि त्याचा पॉइंटर ॲरेत ठेवायचा. शेवटी यादी छापली की प्रत्येक जागी शेवटच्याच मालाचं नाव. साहजिक आहे, सगळे पत्ते एकाच बफरचे, आणि दर ओळीला एफगेट्सने त्याच बफरवर नवा मजकूर ओतला. तुकडा ओळीपेक्षा जास्त जगायला हवा असेल तर त्याची स्ट्रडपने प्रत काढा आणि काम झालं की फ्री करा. स्ट्रडप पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्सच्या जातीच्या सिस्टिमांच्या मानकात, पूर्वीपासून आहे, सीच्या मानकात ते सी२३ या आवृत्तीत आलं.

विभाजकांबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला असतो. दुसऱ्या जागी दिलेली स्ट्रिंग हा शब्द नाही, तो अक्षरांचा संच आहे. वजा आणि मोठं-चिन्ह मिळून बाण लिहिलात तर स्ट्रटॉक बाणावर कापणार नाही. सुट्या वजावरही कापेल, सुट्या मोठं-चिन्हावरही. अख्ख्या शब्दावर कापायचं असेल तर एका स्ट्रिंगमध्ये दुसरी शोधणारं स्ट्रस्ट्र वापरा.

एका लूपमध्ये दुसरा लूप

स्ट्रटॉक पुढचा पत्ता स्वतःजवळ ठेवतं असं म्हटलं, ती जागा अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकच आहे. एका ओळीत अर्धविरामाने वेगळे केलेले तीन माल, आणि प्रत्येक मालात स्वल्पविरामाने वेगळे रकाने असं धरा. बाहेरच्या लूपने पहिला माल काढला. आतल्या लूपने त्याचे रकाने काढायला स्ट्रटॉकला नवी ओळ दिली, तिथेच बाहेरच्या लूपचा राखून ठेवलेला पत्ता गेला. आतलं काम पहिल्या मालाच्या टोकाला संपतं, बाहेरचा लूप नल देऊन पुढचा माल मागतो आणि त्याला नलच मिळतं. तीन मालांतला एकच छापला जातो. आतला लूप तुम्ही लिहिलेला असलाच पाहिजे असंही नाही, मधे हाक मारलेलं एखादं फंक्शन आत स्ट्रटॉक वापरत असेल तरी हेच होतं.

उपाय स्ट्रटॉक_आर. त्याला तिसरा आर्ग्युमेंट लागतो, तुमच्या स्वतःच्या पॉइंटरचा पत्ता. बाहेरच्या लूपचा एक पॉइंटर, आतल्याचा दुसरा, कोणी कोणाचं पुसत नाही. थ्रेड वापरत असाल तर याला पर्यायच नाही. हे पॉझिक्सचं फंक्शन. मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरमध्ये हेच काम स्ट्रटॉक_एस करतं, त्यालाही तीनच आर्ग्युमेंट. पण सी११ च्या पुरवणीत त्याच नावाचं चार आर्ग्युमेंटवालं फंक्शन आहे, तेव्हा नाव एक म्हणून कुठूनही कोड उचलू नका.

स्ट्रटॉक_आर घेतलं म्हणून कोरा रकाना परत मिळत नाही, एवढं लक्षात असू द्या. विभाजक गिळण्याची सवय त्यालाही तशीच आहे.

आणि ही सवय नेहमी वाईटच असते असंही नाही. माणसाने हाताने टाइप केलेला हुकूम कापायचा असेल, दोन शब्दांमध्ये कधी एक स्पेस तर कधी चार, मधेच टॅब, तर ते सगळं गिळायलाच हवं. तिथे स्ट्रटॉकसारखं सोपं दुसरं काही नाही. जिथे कोऱ्या जागेला काही अर्थ आहे तिथे मात्र ते नको. वही-खात्याच्या रकान्यांना तो अर्थ नेहमीच असतो.

रकान्यांसाठी

एक वाट स्ट्रसेपची. बीएसडीतून आलेलं हे फंक्शन लिनक्सवर आणि मॅकवर मिळतं.

```
कॅर *चालू = ओळ;
कॅर *तुकडा;
व्हाइल ((तुकडा = स्ट्रसेप(&चालू, ",")) != नल)
    प्रिंटएफ("[%एस]\एन", तुकडा);
```

मघाच्या आठ घरांवर हे चालवून बघा. दुसऱ्या हाकेला घर ४ वर स्वल्पविराम भेटला की स्ट्रसेप त्याच्यावरही शून्य लिहितं आणि घर ४ चाच पत्ता देतं, म्हणजे कोरी स्ट्रिंग. कंसांमध्ये ५००, मग रिकामा कंस, मग १२ असं दिसतं. चालू हा वेगळा पॉइंटर हवाच. ॲरेचा पत्ता तसाच दिलात तर कंपाइलर टाइप जुळत नाही म्हणून कुरकुरेल, आणि त्याचं बरोबर आहे. ओळ मॅलॉकने किंवा स्ट्रडपने घेतलेली असेल तर मूळ पत्ता बाजूला ठेवा. चालू पुढे सरकत जाऊन शेवटी नल होतो, मग फ्री करायला पत्ता कुठून आणणार?

स्ट्रसेप सीच्या मानकात नाही, विंडोजवर ते शोधत बसू नका. लिनक्सवरही जीसीसीला सी११ चं कडक मानक लावलंत तर स्ट्रसेप, स्ट्रडप, स्ट्रटॉक_आर यांची घोषणा हेडरमधून लपते. मग जुना जीसीसी ‘फंक्शन इंट परत करत असेल’ असं परस्पर धरून चालतो, चौसष्ट बिटांचा पत्ता बत्तिसात कोंबला जातो आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी पडतो. वॉर्निंग आलेली असते, वाचलेली नसते. जीसीसी १४ पासून ही थेट एररच आहे, फार चांगलं केलं. सी११ च्या जागी जीएनयू११ लिहिलं की घोषणा परत दिसतात.

मी स्वतः वापरते ती दुसरी वाट. तिच्यात ओळीला हातच लावायचा नाही. स्ट्रसीस्पॅन, म्हणजे एस-टी-आर-सी-एस-पी-एन, पुढचा विभाजक किती घरं लांब आहे ते मोजून सांगतं.

```
कॉन्स्ट कॅर *प = ओळ;
फॉर (;;) {
    साइझ_टी लांबी = स्ट्रसीस्पॅन(प, ",");
    प्रिंटएफ("[%.*एस]\एन", (इंट)लांबी, प);
    इफ (प[लांबी] == '\०') ब्रेक;
    प += लांबी + 1;
}
```

तुकडा म्हणजे एक पत्ता आणि एक लांबी, बस. प्रिंटएफमध्ये टिंब-तारा असलेला फॉरमॅट तेवढीच अक्षरं छापतो. त्याला लांबी इंट लागते, म्हणून तो कास्ट. शेवटी विभाजक नसेल तर प[लांबी] हा शून्य बाइट असतो, तिथे थांबायचं. हा कोड मूळ सीच्या मानकातला आहे, विंडोजवर चालतो, टर्बोवर चालवायचा तर साइझ_टीची घोषणा ब्लॉकच्या सुरुवातीला आहे म्हणून तिथेही अडत नाही. अवतरणातला मजकूर दिला तरी पडत नाही, लूपमध्ये लूप चालतो, कोरा रकाना कोराच राहतो. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम असेल तर शेवटचा कोरा रकानाही मिळतो, आणि पूर्ण कोरी ओळ एक कोरा रकाना देते, ती तुम्ही आधीच वगळा.

कापण्याआधी ओळ पुसून घ्या

एफगेट्स ओळीच्या शेवटचा न्यूलाइन सोबत आणतं. दुकानातला मुनीम विंडोजवर एक्सेल चालवतो, त्यामुळे न्यूलाइनच्या आधी कॅरेज रिटर्नही असतो. न्यूलाइन काढला आणि तो राहिला तर शेवटच्या रकान्याची स्ट्रकम्पने केलेली तुलना फसते, आणि स्क्रीनवर छापताना कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाऊन मागचं खोडतो. दोन्ही एका फटक्यात जातात:

```
ओळ[स्ट्रसीस्पॅन(ओळ, "\आर\एन")] = '\०';
```

त्याआधी ओळीत न्यूलाइन आहे का ते बघा. नसेल आणि फाइलही संपलेली नसेल, तर ओळ बफरपेक्षा लांब होती आणि तिचं शेपूट पुढच्या वेळी नवी ओळ म्हणून येणार आहे. एक्सेलची यूटीएफ-८ सीएसव्ही फाइल असेल तर अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतात. ते दिसत नाहीत, पण पहिल्या ओळीतलं पहिलं नाव कशाशीच जुळत नाही.

अवतरणात गुंडाळलेले रकाने आले, म्हणजे मालाच्या नावातच स्वल्पविराम, तर वरचं कुठलंच फंक्शन पुरत नाही. एकेक अक्षर वाचत आपण अवतरणाच्या आत आहोत की बाहेर ते लक्षात ठेवावं लागतं, आणि अवतरणाच्या आत दोनदा आलेलं अवतरणचिन्ह म्हणजे एक खरं अवतरणचिन्ह. २००५ च्या आरएफसी ४१८० मध्ये हे लिहिलेलं आहे. माझा सल्ला विचाराल तर मुनीमजींना टॅब घालून फाइल द्यायला सांगा. ते चहा पाजून होतं, पार्सर लिहायला रात्र जाते.

दंडावर कापायचं असेल तर

इंदुरात मराठी माणसाच्याही फाइलीत निम्मा मजकूर हिंदी असतो, आणि हिंदी वाक्य दंडाने, म्हणजे उभ्या रेघेने, संपतं. मुलं विभाजकाच्या जागी सरळ दंड टाकतात. पडद्यावर मग तुकड्यांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग.

कारण बाइटमध्ये आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, मात्रेलाही. ‘सेव’ या शब्दात स, एकाराची मात्रा आणि व, म्हणून स्ट्रलेन ९ सांगतं. हे नऊ बाइट असे:

```
स  : २२४ १६४ १८४
े  : २२४ १६५ १३५
व  : २२४ १६४ १८१
```

दंडाचे बाइट २२४, १६५, १६४. विभाजकाची स्ट्रिंग म्हणजे संच, हे वर आलंय. तेव्हा स्ट्रटॉकला समजतं ते असं: २२४ आला की काप, १६५ आला की काप, १६४ आला की काप. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह २२४ ने सुरू होतं आणि पुढचा बाइट १६४ किंवा १६५ असतो. ‘सेव’चे उरतात १८४, १३५ आणि १८१, एकेका बाइटचे तीन तुकडे, आणि एकही कोणत्याच लिपीत वाचता येत नाही. दंड ओळीत कुठेच नसला तरी हे होतं.

इथे स्ट्रस्ट्र घ्या. ते तीनही बाइट सलग सापडले तरच दंड मानतं. सापडलेल्या पत्त्यापर्यंतचा मजकूर हा तुकडा, पुढची सुरुवात त्या पत्त्यात तीन मिळवून. स्वल्पविरामाची काळजी नको. त्याचा बाइट ४४, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा कुठलाही बाइट १२८ च्या खाली नसतो, त्यामुळे मराठी मजकूर स्वल्पविरामावर, टॅबवर किंवा अर्धविरामावर बिनधास्त कापा. फक्त छापताना रुंदी देऊन रकाने सरळ ठेवू नका. ती रुंदी बाइटमध्ये मोजली जाते, ‘लौंग सेव’ बावीस बाइटचं आहे, रांग वाकडीच येणार.

तुकड्यातून आकडा

स्ट्रिंगचा आकडा करायला एटॉय वापरू नका. कोऱ्या रकान्यालाही ते शून्य देतं, ‘बारा’ला शून्य देतं आणि खऱ्या शून्यालाही शून्यच. स्ट्रटॉल वापरा, ते वाचन कुठे थांबलं तो पत्ता देतं. तो पत्ता सुरुवातीचाच असेल तर आकडा नव्हताच, आणि तुकड्याच्या टोकापर्यंत पोचला नसेल तर मागे काहीतरी कचरा आहे. देवनागरी अंकात लिहिलेला १२ स्ट्रटॉलला आकडा वाटतच नाही, ते पहिल्याच बाइटवर थांबतं. असे अंक येत असतील तर आधी आस्कीत बदलून घ्या. स्ट्रसीस्पॅनच्या वाटेने आलात तर तुकड्याच्या शेवटी शून्य बाइट नसतो, स्ट्रटॉल स्वल्पविरामावर आपोआप थांबतं, आणि थांबलेला पत्ता प + लांबी इतकाच आहे का ते तपासायचं. एक खोडी राहते: स्ट्रटॉल सुरुवातीच्या मोकळ्या जागा ओलांडतं, म्हणून टॅबवर कापलेल्या फाइलीत कोरा रकाना आला तर ते टॅबही ओलांडून शेजारचा आकडा उचलेल. लांबी शून्य असेल तर स्ट्रटॉलकडे जाऊच नका.

सवलत कोरी असेल तर शून्य धरायचं, नग कोरे असतील तर ओळ परत पाठवायची. हे सी ठरवत नाही, दुकान ठरवतं, म्हणून विचारून घ्या. आणि प्रत्येक ओळीचे रकाने मोजा. चार नसतील तर अंदाज बांधू नका, ओळीचा क्रमांक आणि रकान्यांची संख्या एरर फाइलीत लिहून पुढे जा.

तपासायला मी मुलांना ह्या ओळी देते: पहिली वरचीच, मग नुसते तीन स्वल्पविराम, एकही स्वल्पविराम नसलेली, शेवटी स्वल्पविराम असलेली, पूर्ण कोरी, आणि शेवटी न्यूलाइन नसलेली फाइलीतली अखेरची ओळ. कंपाइल करताना सगळ्या वॉर्निंग चालू आणि ॲड्रेस सॅनिटायझर, म्हणजे मेमरीतल्या चुका पकडणारा कंपाइलरचा पर्याय, लावलेला. तीन स्वल्पविरामांच्या ओळीला चार रिकामे कंस दिसले पाहिजेत. एकही कंस दिसला नाही तर कुठेतरी अजून स्ट्रटॉक आहे.